छोट्या धंद्यांची माहिती तपासून देणारे जाणकार हवेत

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

इंदूरमधे आपल्या मराठी घरांतून किती छोटे धंदे चालतात ते बाहेरच्यांना माहीतच नसतं. लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर, कुठेही जा, कोणी भाजणी-मेतकूट करतंय, कोणी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतंय, कोणी शिवणकाम, तर कोणी सियागंजमधून माल आणून घरूनच विकतंय. ही मंडळी काही अडलं की आता आधी मोबाइलवर शोधतात, सीएकडे नंतर जातात, कित्येक जणी तर जातच नाहीत कारण तेवढी फी परवडत नाही. आणि शोधून जे हाती लागतं ते कोणी लिहिलंय, कधी लिहिलंय, कोणा जाणकारानं वाचलंय का, काहीच कळायला मार्ग नसतो.

उद्यम नोंदणीचंच, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सरकारी नोंदणीचंच घ्या. 1 जुलै 2020 ला ती सुरू झाली, त्याआधीची 'उद्योग आधार' ही नोंदणी 30 जून 2022 नंतर बाद झाली, तरी "आधी उद्योग आधार काढा" असं सांगणारी पानं अजून सापडतात. सरकारी पोर्टलवर ही नोंदणी पूर्ण फुकट आहे. पण दिसायला हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या खाजगी साइट्स आहेत, त्या फॉर्म भरून घेतात आणि वर फी लावतात. आमच्या ओळखीतल्या एका ताईंनी असे पैसे भरले, आणि त्यांना अगदी शेवटपर्यंत वाटत होतं की फी सरकारकडेच गेली.

सरळ खोटं असेल तर एखादवेळेस पकडता तरी येतं, पण अर्धवट खरं असतं ते फार वाईट. "उद्यम सर्टिफिकेट असलं की 45 दिवसांत पैसे मिळालेच पाहिजेत" हे वाक्य सगळीकडे दिसतं, म्हणजे माल किंवा सेवा घेणाऱ्यानं तेवढ्या दिवसांत बिल चुकतं करायचं. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यात तसं आहे हे बरोबर, पण 45 दिवस ही लेखी करार असेल तेव्हाची जास्तीत जास्त मुदत आहे, करारच नसेल तर 15 दिवस धरतात. आणि मुख्य म्हणजे हे संरक्षण माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, नुसता माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नंबर मिळतो पण या कलमाचा फायदा मिळत नाही. आता सांगा, सियागंजमधून माल उचलून पुढे देणारा आपला माणूस ते वाक्य वाचून उधारीवर माल देऊन बसला तर त्याचे पैसे कोण काढून देणार?

छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेतल्या मुद्रा कर्जाचं तसंच. मर्यादा 10 लाखांची 20 लाख झाली एवढंच सगळे लिहितात, पण ते वाढीव कर्ज ज्यांनी आधीचं 'तरुण' या मुद्राच्याच गटातलं कर्ज नीट फेडलंय त्यांच्यासाठीच आहे ही ओळ गाळतात, मग नवीन माणूस मोठी आशा लावून बँकेत जातो आणि हिरमुसून परत येतो. पॅकबंद, लेबल लावलेल्या नमकीनवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांचा 5 टक्के झाला, आपल्या गावात तर सेव-नमकीन घरोघरी, तरी जुने दर सांगणारी पानं तशीच पडलेली आहेत.

खाण्याच्या वस्तूंबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. पिठाच्या पाकिटावर "शुगर मुळापासून बरी" असं छापा, सेल वाढेल, असे सल्ले बिनधास्त दिले जातात. असा दावा एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमांत बसत नाही, शिवाय डायबिटीस बरा करण्याची जाहिरात औषधाच्या नावानं करायलाही 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. सल्ला देणारा नामानिराळा राहतो आणि नोटीस येते ती पीठ दळणाऱ्या बाईला. आणि ते पीठ खाऊन कोणी गोळ्या बंद केल्या तर?

म्हणून हे पत्र. आम्ही काही जण छोट्या धंद्यांसाठी मराठी आणि हिंदीत सोप्या भाषेत माहिती लिहून वेबसाइटवर टाकायचं काम करतोय. लिहिणारे आहेत, तरुण मुलं-मुली उत्साहानं लिहितात. नाहीत ते तपासणारे. बँकेच्या कर्ज विभागातून रिटायर झालेले, सेल्स टॅक्स किंवा जीएसटी खात्यात आयुष्य काढलेले, फूड टेक्नॉलॉजी शिकवलेले प्राध्यापक, लेबल-पॅकिंगचं कळणारे, सांवेर रोडला कारखाना चालवलेले, असे लोक आपल्यात किती आहेत! त्यांना काही लिहायचं नाही, महिन्यातून दोन-तीन पानं वाचून "हे चुकलंय, हे अर्धवट आहे, इथे अमुक अट घाला" एवढंच सांगायचं, कागदावर पेननं खुणा करून दिल्या तरी चालतील. मानधन नाही हे आधीच स्पष्ट सांगते. तपासल्याची तारीख पानावर राहील आणि नियम बदलला की तेच पान परत तपासायला येईल, आणि तपासल्याशिवाय एकही पान लोकांपुढे जाणार नाही यावर आम्ही ठाम आहोत.

प्रॅक्टिस करणारे सीए आणि वकील विचारतात की यात आमची जाहिरात होईल का, कारण जाहिरात करून काम मिळवायला त्यांच्या व्यवसायाचे नियम आड येतात. शंका रास्त आहे. त्यासाठी पानावर कोणाचा फोन नंबर, ऑफिसचा पत्ता काही नसेल, ज्यांना नावही नकोय त्यांचं नाव नसेल. कोणाला व्यक्तिगत सल्ला द्यायचा नाही, कोणाची केस अंगावर घ्यायची नाही, आणि कोणाचं प्रॉडक्ट किंवा सर्व्हिस खपवायचीही नाही. शेवटची अट मात्र कडक आहे, एजंट मंडळींनी कृपया येऊ नये.

आणि हो, जाणकारांबरोबर एखादी धंदा करणारी बाईही प्रत्येक पान वाचेल, कारण नियम बरोबर असून तिला कळलाच नाही तर उपयोग काय.

आपल्या वर्तमानपत्रानं हे पत्र छापलं आणि इच्छुकांना आपलं नाव आणि विषय आपल्या ऑफिसात कळवायची सोय करून दिली तर फार मदत होईल. जीएसटी, खाद्यपदार्थांचं लेबल आणि बँक कर्ज या तीन विषयांची पानं लिहून तयार आहेत, त्यामुळे त्यातले जाणकार सगळ्यात आधी हवेत.

आपली,
एक वाचक, इंदूर