आयडी का बंद केला, हे सांगायची सक्ती हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी 29 वर्षे बेस्टमध्ये वाहक होतो. माझा धाकटा मुलगा एका मोठ्या कंपनीसाठी घरोघरी जेवण पोहोचवतो. गेल्या जुलैत हिंदमाताला पाणी भरले आणि तो मोटरसायकल धरून पाऊण तास तिथेच अडकला. ग्राहकाने ऑर्डर रद्द केली. दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅप उघडले तर आयडी ब्लॉक. पडद्यावर दोन ओळी : खात्यात संशयास्पद हालचाल आढळली आहे, तपासणी सुरू आहे. कसली हालचाल, कोणत्या ऑर्डरची, कोण तपासतोय, काही नाही.

हेल्पलाइनवर रेकॉर्ड केलेला आवाज. चॅटवर त्याने पाण्याचा फोटो चार वेळा पाठवला, चारही वेळा तेच वाक्य उत्तरादाखल आले. सातव्या दिवशी गाडीचा हप्ता चुकला. नवव्या दिवशी आयडी आपोआप सुरू झाला. बंद करताना कारण सांगितले नव्हते, सुरू करतानाही नाही. त्याच्या बरोबरची मुले म्हणाली, ‘सिस्टिमने केलं, थांब जरा.’ बावीस-पंचवीस वर्षांची ही मुले आपल्या रोजीरोटीबद्दल पावसाबद्दल बोलावे तशी बोलतात, हे ऐकून मला झोप लागली नाही.

मलाही नोकरीत एकदा मेमो मिळाला होता. एका प्रवाशाची तक्रार होती की दहाच्या नोटेचे सुटे मी परत दिले नाहीत. मेमोवर तारीख, बसमार्ग, तिकिटाचा क्रमांक आणि खाली साहेबांची शाईची सही. मी लेखी खुलासा दिला. चौकशीला युनियनचा माणूस शेजारी बसला होता. माझे वेबिल, म्हणजे विकलेल्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद, काढून तिकिटांचे आकडे लावले, तेव्हा रोकड सहा रुपयांनी जास्त निघाली. चूक माझीच होती, गर्दीत सुटे द्यायचे राहून गेले होते. एका दिवसाचा पगार कापला गेला. पण तो का कापला हे मला ठाऊक होते, आणि चूक नसती तर ते दाखवायची जागाही होती. माझ्या मुलाला एवढेसुद्धा मिळाले नाही.

हे सगळे नवे आहे, कायदा कसा करणार, असे म्हणतात. मुलीने मला माहिती काढून दिली, ती वाचली. शेजारच्या कर्नाटकाने 2025 साली गिग कामगारांसाठी, म्हणजे माझ्या मुलासारख्या अ‍ॅपवरून काम मिळणाऱ्यांसाठी, कायदा केला. त्यात काम बंद करण्याआधी 14 दिवसांची नोटीस आणि लेखी कारण द्यावे लागते, आणि यंत्रणेच्या स्वयंचलित निर्णयांचा कामगारावर काय परिणाम होतो तेही कंपनीने सांगायचे आहे. राजस्थानने त्याआधी, 2023 साली, अशा कामगारांसाठी कायदा केला होता. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने 2024 मध्ये नोकरी, कर्ज, घर, विमा अशा गोष्टींत यंत्राने निर्णय विरुद्ध दिला तर कारण सांगावे, चुकीची माहिती दुरुस्त करू द्यावी आणि माणसाकडे दाद मागता यावी, असे कायद्यात लिहिले. उद्योगांनी विरोध केला, अंमलबजावणी पुढे ढकलली गेली, हेही खरे. पण राज्यांना असे कायदे करायला दहा वर्षे बंदी घालायचा प्रस्ताव अमेरिकेच्या सिनेटपुढे आला, तेव्हा 1 जुलै 2025 रोजी तो 99 विरुद्ध 1 मतांनी काढून टाकला गेला. दोन्ही पक्षांचे लोक त्यात होते.

आपल्याकडे केंद्राचा 2023 चा डेटा संरक्षण कायदा आहे. स्वतःची माहिती पाहण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा हक्क त्यात आहे. यंत्राने घेतलेल्या निर्णयाचे कारण मागायचा हक्क मात्र त्यात नाही.

म्हणून दिल्लीची वाट पाहू नये. माझे वडील मशीद बंदरला माथाडी होते. आज या व्यापाऱ्याचे पोते, उद्या त्या व्यापाऱ्याचे, मालक कोण हे कुणी सांगत नसे. महाराष्ट्राने 1969 साली माथाडी कायदा केला, मंडळे नेमली, आणि एक ठरावीक मालक नसलेल्या हमालालाही नोंदणी आणि मजुरीची हमी मिळाली. माहितीच्या अधिकाराचा कायदाही देशाच्या 2005 च्या कायद्याआधी महाराष्ट्रात झाला होता. मुंबईत पाठीवर पेटी घेऊन फिरणारा मुलगा माझ्या वडिलांच्याच जागी उभा आहे. फरक एवढाच की मुकादमाला निदान तोंड होते.

कंपन्या निघून जातील अशी भीती घालतात. कर्नाटकात कायदा आहे, म्हणून बंगळुरूत जेवण पोहोचायचे थांबलेले नाही.

राज्य सरकारने येत्या अधिवेशनात विधेयक आणावे. आयडी बंद करण्याआधी मराठीत लेखी कारण, त्याखाली जबाबदार माणसाचे नाव, कामगाराचा खुलासा ऐकायची मुदत, आणि कंपनीची चूक निघाली तर बंद काळातल्या दिवसांची भरपाई. माझ्या मुलाचे नऊ दिवस गेले. कर्जे, नोकरभरती, विमा यांचेही पुढे बघावे लागेल, पण सुरुवात या मुलांपासून करावी, कारण ती रोजच्या रोज कमावून खातात. या पत्राची प्रत मी आमच्या आमदारांनाही देत आहे.

– एक निवृत्त बेस्ट वाहक, लालबाग, मुंबई