नाव विचारायचं राहून गेलेल्यांचे आभार

राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धेत मी शर्यत पूर्ण केली, ती तुमच्यामुळे.

आदल्या दिवशी सरावात दगडावर आपटून डिरेल्युअरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, तुटला. बहुतेक फ्रेमचे हँगर वेगवेगळे, ऐनवेळी मिळणार कुठे? परराज्यातल्या एका दादाने स्वतःच्या डब्यातला नेमका बसणारा हँगर काढला, चिखलात गुडघे टेकून बसवून दिला. पैशांचं नावही काढू दिलं नाही. तोही त्याच शर्यतीत होता!

आणि साताऱ्यातले दूधवाले काका, यवतेश्वर घाटात पहाटे माझ्या मागे टेम्पो हळू ठेवून तुम्ही उजेड दिलात. कासच्या रस्त्यावर पडलो तेव्हा कोपरातली खडी काढून हळद लावणाऱ्या मावशी, जखम भरली बरं का. घाटात पुन्हा दिसलो तर हाक मारा, मी थांबेन.