आजीचा कंदील

हरिपूर, सांगली

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, आजीची एवढी भांडीकुंडी, लुगडी असताना बाबांनी मला हा काळपट कंदील का दिला? घसा दाटून आला, बोलता आलं नाही. म्हणून लिहितोय.

तुझे आजोबा पेवावर कामाला होते. तू पेव पाहिलेलं नाहीस. आपल्या हरिपुरात जमिनीच्या पोटात दोन-तीन पुरुष खोल खड्डे असायचे, तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढे, आत घागरीसारखे फुगलेले. इथली मातीच अशी, की सांगलीच्या बाजारातली हळद त्यात वर्षानुवर्षं राहायची, कीड लागायची नाही. पण बंद पेवातली हवा माणसाला सोसत नाही. म्हणून तोंड उघडून बराच वेळ थांबायचं, मग दोरीला पेटता कंदील बांधून आत सोडायचा. ज्योत टिकली तर माणूस उतरायचा, विझली तर पुन्हा थांबायचं. तुझ्याकडे आहे तो हाच कंदील.

आजी रोज संध्याकाळी उंबऱ्यात बसून त्याची काच चुलीतल्या राखेनं पुसायची, वात सरळ कापायची, आणि कंदील कानाशी हलवून आत रॉकेल किती उरलंय ते ऐकायची. मी म्हणायचो, आई, कालच तर भरलंयस. तर म्हणायची, "तेल सपून इझला का खालच्या हवेनं इझला, हे वरल्या माणसाला कळाय पायजे." आमच्या आळीतला एक गडी घाईत तसाच उतरला होता, तो जिवंत वर आला नाही. त्याच्या बायकोला आजीनं कितीतरी महिने पाठच्या बहिणीसारखं जेवू घातलं. तिनं हे कधी सांगितलं नाही, मला शेजारच्या काकूंकडून कळलं.

ती स्वतः दिवसभर अडत्याकडे हळकुंडं निवडायची. तळहात कायम पिवळे. वाचता येत नसलं तरी माझी वही उघडून पानं उलटायची, कोपऱ्यांवर पिवळी बोटं उमटायची. शाळेत मला लाज वाटायची. आज त्यातली एक तरी वही मिळावी असं फार वाटतं.

2005 च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं, हळद कुजली, कितीतरी पेवं कायमची गेली. आजोबा तोवर राहिले नव्हते. 2018 साली सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे त्या भागाची खास ओळख सांगणारं मानांकन मिळालं, तेव्हा मी तिला पेपर वाचून दाखवला. तिनं एवढंच विचारलं, "पेवाचं लिवलंय का त्यात?"

2019 ला पाणी आणखी वर चढलं. बोट दारात आली, तरी कंदील घेतल्याशिवाय ती निघेना. मी सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडलो. ती काही बोलली नाही, कंदील पदराखाली धरून बोटीत बसली. आयर्विन पूल दिसेपर्यंत मान वर केली नाही. त्याची माफी मागायची माझी राहूनच गेली, सोनू.

काचेला डाव्या अंगाला तडा आहे, तो त्याच पुरातला. काच बदलू नकोस. वात मात्र पार संपत आलीय. दिवाळीला येताना कंदील घेऊन ये, मी बाजारातून नवी आणून ठेवतो. कशी कापायची ते दाखवीन.

तुझे,
बाबा