तालुक्यातील कार्यक्रमांची सूचना आधी मिळावी

महोदय,

मुंबई-पुण्यातील नाटके, व्याख्याने आणि चित्रपट महोत्सव यांची आगाऊ माहिती वृत्तपत्रांतून नियमित मिळते. तालुक्याच्या नाट्यगृहात काय झाले, हे मात्र बहुधा कार्यक्रम उरकल्यावर दीपप्रज्वलनाच्या छायाचित्रातूनच कळते. लहान गावात प्रेक्षक नसतो, हे त्यावरचे नेहमीचे उत्तर पटण्याजोगे नाही. कर्नाटकातील सागर तालुक्यातल्या हेग्गोडू या खेड्यात १९४९ साली स्थापन झालेल्या ‘नीनासम’ या नाट्यसंस्थेने नाटकांच्या जोडीने जगभरातील चित्रपट ग्रामस्थांना दाखवले, चर्चा आणि शिबिरे घडवली, आणि १९८५ पासून तिची ‘तिरुगाट’ ही फिरती नाटक मंडळी गावोगाव प्रयोग करीत आली आहे. संस्थेचे एक प्रमुख शिल्पकार के. व्ही. सुब्बण्णा यांना १९९१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ते स्वतः सुपारीचे बागाईतदार होते, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

आपण जिल्हा पानावर दर आठवड्याला आगामी कार्यक्रमांची लहानशी चौकट द्यावी, आणि नाट्यगृहांनीही तारखा वेळेवर कळवाव्यात, ही विनंती. चौकटीत तिकीटदर आणि कार्यक्रम संपण्याची अंदाजे वेळ अवश्य असावी, कारण आसपासच्या गावांतील रसिकांना शेवटची एसटी गाठायची असते.

— एक वाचक, सिंधुदुर्ग