दिल्या, विसार देण्याआधी

लुईस एदुआर्दो मागाल्याएस, बाहिया (ब्राझील)
१२ ऑगस्ट

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. चौघांत मिळून इथे हजार हेक्टर घ्यायचं म्हणतोस. फोनवर भांडण झालं असतं, म्हणून लिहितोय.

जमीन बघून डोळे फिरतात, खोटं नाही. काल एका शेतातून गाडीने वीस मिनिटं सरळ गेलो, बांध म्हणून लागला नाही. आपल्याकडे वीस मिनिटांत पन्नास बांध आणि भावकीच्या तीन केसेस! पण खाली उतरून माती मुठीत घेतली तर ती बोटांतून सांडून गेली. तांबडी, वाळूसारखी. तुझ्या काळ्या रानाचं ढेकूळ इथे औषधालाही नाही. सेराडोची, म्हणजे इथल्या गवताळ माळरानाची, ही माती मूळची आंबट, स्फुरद जवळपास नाहीच. १९७३ साली एम्ब्रापा ही सरकारी संशोधन संस्था निघाली, चुना-स्फुरदाचं गणित बसलं, इथल्या लहान दिवसांना मानवणारी सोयाबीनची वाणं आली, तेव्हा कुठे हा माळ पिकायला लागला. म्हणजे कोरी जमीन घेतलीस तर आधी चुन्याचे ट्रक ओतायचे. पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल, आणि ऐन शेंगा भरताना खंड पडला तर आपल्यासारखीच बोंब.

गंमत ऐक. इथे जमिनीचा भाव पोत्यांत बोलतात. हेक्टरी सोयाबीनची इतकी पोती, पोतं ६० किलोचं. तुझ्या आजोबांना हे फार आवडलं असतं. मला मात्र तिथेच धडकी भरली. लातुरात तुझं रान सोयाबीनचं, अडत सोयाबीनची, आणि आता वेगळं काही म्हणून जी जमीन घेणार तीही सोयाबीनलाच टांगलेली?

कागदाचं तर विचारूच नकोस. बनावट खरेदीखताला इथे 'ग्रिलाजेम' म्हणतात. ग्रिलो म्हणजे रातकिडा. कोरा कागद रातकिड्यांसोबत पेटीत कोंडायचा, म्हणजे तो पिवळा पडून जुना दिसतो! आपले तलाठी परवडले. २०१९ मध्ये याच पश्चिम बाहियातल्या जमिनींचे निकाल विकल्याच्या आरोपावरून राज्याच्या उच्च न्यायालयातले न्यायाधीशच निलंबित झाले.

तुझा दलाल म्हणतो, "इथली कंपनी काढू, परदेशी असण्याची अडचण नाही." त्याला विचार, परदेशी लोकांच्या जमीनखरेदीवर मर्यादा घालणाऱ्या १९७१ च्या कायद्याचा २०१० मध्ये सरकारने जो अर्थ लावला तो माहीत आहे का? परदेशी ताब्यातली कंपनी इथे नोंदली तरी परदेशीच धरतात. शिवाय बाहियाच्या या भागात २० टक्के जमीन जंगल म्हणून राखावी लागते, म्हणजे हजारातले दोनशे नांगराबाहेरच.

त्याने पाठवलेला नकाशा मी ओळखीच्या एका मोजणीदाराला दाखवला. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि एकच विचारलं, "मात्रिकुला नंबर?" (आपला सातबारा समज.) नकाशावर सुंदर हिरवे चौकोन होते, नंबर नव्हता.

तेवढा नंबर मागव. आला तर मी स्वतः कार्तोरिओत, म्हणजे नोंदणी कचेरीत जाऊन उतारा काढतो, शुक्रवारी मी लवकर सुटतो. तोवर विसाराचा एक रुपया सोडू नकोस. त्या तिघांनाही हे पत्र दाखव, मला शिव्या दिल्या तरी चालेल.

काकूंना साष्टांग नमस्कार. तुमच्याकडे यंदा पाऊस कसा आहे, ते लिहिलंच नाहीस.

तुझा,
संजू