रविवारचे कोडे सोपे करू नका, चौकट तेवढी काटेकोर ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतले शब्दकोडे फार अवघड झाले आहे, ते जरा सोपे करावे, अशी मागणी वाचकांच्या पत्रांतून अधूनमधून होते. आमचे म्हणणे बरोबर उलटे आहे. सुट्टीच्या दिवशीचे कोडे चहाच्या एका कपात संपू नये. दुपारी जेवताना एखादे सूत्र, म्हणजे उत्तर शोधायला दिलेली ओळ, डोक्यात घोळत राहावे आणि संध्याकाळी भाजी निवडताना अचानक उलगडावे, त्यातच मजा आहे. मात्र हा अवघडपणा सूत्रात असावा, वेलांटीत नसावा. सध्या दोन्हींची सरमिसळ होते आणि सोडवणारा स्वतःला ढ समजून पेन खाली ठेवतो.

शब्दकोड्याचा जन्मच रविवारचा. २१ डिसेंबर १९१३ च्या रविवारी आर्थर विन यांचे कोडे ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या पुरवणीत छापून आले. तो साचा रोमन लिपीसाठी होता: एका घरात एक अक्षर, आणि अक्षरे सगळी मिळून २६. आपल्याकडे घरात वर्ण बसत नाही, स्वरचिन्हासकट आख्खे अक्षर बसते. ३४ व्यंजने आणि बाराखडीची १२ रूपे एवढेच धरले तरी ४०८ शक्यता होतात, जोडाक्षरे आणखी वेगळी. त्यामुळे मराठी कोडे रचणाऱ्याला आडव्या-उभ्याची गाठ घालणे जड जाते. शब्द दोन ते चार घरांचे राहतात, काळी घरे जास्त पडतात. सोडवणाऱ्याला मात्र याचा फायदाच होतो. इंग्रजीत एका घरात ‘ई’ मिळाला म्हणून फारसे काही हाती लागत नाही. मराठीत ‘ल्गु’ मिळाला तर अर्जुनाचे तीन घरांचे नाव ‘किरीटी’ किंवा ‘विजय’ असूच शकत नाही, ‘फाल्गुन’च. म्हणून आधी एक पक्के अक्षर मिळवावे, मग त्याच्या आजूबाजूलाच हातपाय पसरावेत. ‘१ आडवा’पासून ओळीने खाली येणारे बहुतेक जण मधेच अडकतात.

घरे मोजण्यात नवखा हमखास चुकतो. जोडाक्षर कितीही लांबलचक असो, त्याला घर एकच. ‘स्वातंत्र्य’ तीन घरांत बसते: स्वा, तं, त्र्य. ‘विठ्ठल’ तीन, ‘जगन्नाथ’ चार, ‘पार्थ’ दोन. अनुस्वार आणि रफार ज्याच्या डोक्यावर, त्याच्याच घरात. घरांची संख्या म्हणीसुद्धा ठरवते. ‘अडला ___ गाढवाचे पाय धरी’ यात दोन घरे असतील तर ‘हरी’, चार असतील तर ‘नारायण’. दोन्ही पाठ प्रचारात आहेत, तेव्हा मोजल्याशिवाय लिहू नये.

पहिल्या फेरीत अर्थाच्या मागे न लागता सूत्राचे व्याकरण पाहावे. लिंग, वचन, विभक्ती सूत्रात जी असेल तीच उत्तरात हवी. सूत्र ‘-णे’ने संपत असेल तर शेवटच्या घरात पेन्सिलीने ‘णे’ घालून ठेवायचा मोह होतो, आणि पुष्कळदा तो बरोबरही ठरतो. पण ‘पळ काढणे’ (४) घ्या, म्हणजे उत्तर चार घरांचे. ‘सटकणे’ बसते, ‘पलायन’ही बसते. आता शेवटच्या घरातून खाली उभा शब्द सुरू होतो का ते बघा. होत असेल तर ‘सटकणे’ बाद, कारण मराठी शब्द ‘ण’ने सुरू होत नाही. ‘ळ’नेही होत नाही. ही दोन अक्षरे उभ्या शब्दाच्या पहिल्या घरात आली, की आडवे उत्तर खोडायला घ्यावे.

दुसरी फेरी समानार्थी शब्दांची. इथे संस्कृत शब्दांची घडण लक्षात ठेवली तर शब्द पाठ करायची गरज उरत नाही. पाण्याला जल, नीर, अंबू, वारी. त्यात जन्मलेले ते कमळ, म्हणून शेवटी ‘ज’: जलज, नीरज, अंबुज, वारिज. पाणी देणारा तो ढग, शेवटी ‘द’: जलद, नीरद, अंबुद, वारिद. पाण्याचा साठा तो समुद्र, शेवटी ‘धी’: जलधी, अंबुधी, वारिधी. सगळे तीन घरांचे. म्हणजे सूत्र ‘ढग (३)’ असेल तर पहिल्या दोन घरांचा पत्ता नसतानाही तिसऱ्या घरात ‘द’ लिहून पुढे जाता येते. अर्थात फितूर सगळीकडे असतात. कमळात ‘राजीव’ आणि ‘कुमुद’, समुद्रात ‘सागर’ आणि ‘अर्णव’ ही शिस्त मोडतात, म्हणून हे अक्षर पेनाने लिहू नये. दोन घरांतही तेच कुटुंब भेटते: अब्ज, अब्द, अब्धी. ‘शंभर कोटींचे कमळ (२)’ असे सूत्र आले तर ‘अब्ज’ लिहून मोकळे व्हा.

एक कोपरा सोडवूनच दाखवतो. आडवा: ‘कमळ (३)’. त्याच्या शेवटच्या घरातून खाली उभा: ‘उलटले तरी न बुडणारे (३)’. पहिल्या घरातून खाली उभा: ‘नेहमी दास उलटतो (२)’. आडव्याच्या तिसऱ्या घरात ‘ज’ येण्याचा संभव मोठा. आता ‘ज’ने सुरू होणारे, पाण्यावरचे, आणि खालून वर वाचले तरी तेच राहणारे काय? ‘जहाज’. ज, हा, ज. उलटले तरी जहाजच, मग बुडेल कसे? ‘ज’ पक्का झाल्यामुळे राजीव आणि कुमुद गेले. उरले पंकज, सरोज, नीरज, अंबुज, जलज, वारिज. आता ‘दास’ उलटा वाचा: ‘सदा’, म्हणजेच नेहमी. पहिल्या घरात ‘स’ आला, आडवा शब्द ‘सरोज’. मधल्या ‘रो’ला उभ्या शब्दाचा आधार नव्हता, तरी त्याची गरज पडली नाही.

या उदाहरणातली शेवटची दोन सूत्रे गूढ जातीची. रविवारच्या कोड्यात खरी गंमत अशा सूत्रांची, आणि तक्रारीही बहुतेक त्यांच्याबद्दलच असतात. त्यांची रीत ठरलेली आहे: सूत्राच्या एका टोकाला सरळ अर्थ असतो, उरलेल्या भागात शब्दांची कसरत. दोन्हीकडून एकच उत्तर आले पाहिजे. वाक्य म्हणून वाचले की फसलात. ‘नेहमी दास उलटतो’ यात दासाचा काहीएक संबंध नाही. उलट, फिरणे, माघारी, खालून वर असे शब्द दिसले की अक्षरे उलटी लावून पाहायची. ‘रमा उलटली की बसतो (२)’: मार. वाल्याच्या ‘मरा’चा ‘राम’ झाला तो याच वाटेने.

गावांची नावे फोडून केलेली सूत्रे आपल्याकडे फार छान होतात. ‘सूड घेतला आणि नदी फुगली, लोकल तिथवर जाते (५)’: बदला आणि पूर, बदलापूर. ‘दंड आणि मनगट यांच्या मधले गाव, गोदाकाठी (५)’: कोपरगाव. ‘दोन वीस खेडी, पण जंक्शन एकच (५)’: चाळीसगाव. आणि काही सूत्रांत कसरत नसतेच, एका शब्दाचे दोन-तीन अर्थ नुसते शेजारी मांडलेले असतात: ‘बसायचा, पाण्याचा आणि दुसऱ्या लग्नाचा (२)’, पाट. अशा सूत्रात स्वल्पविराम हाच मुद्दा. तो छापताना गळला तर सूत्र मेले. मुद्रितशोधकांनी एवढे सांभाळावे.

कसरत मात्र अक्षर न् अक्षर जुळणारी हवी. ‘नवरा’ उलटला की ‘रावण’ होतो असे सूत्र करायचा मोह भल्याभल्यांना होईल, विनोदही जमतो, पण उलटल्यावर येतो ‘रावन’. ‘न’चा ‘ण’ होत नाही. ‘सातारा’त ‘तारा’ दडलेला आहे, ‘सात’ नाही. तिथे ‘ता’ आहे. लहानपणापासून घोकलेले ‘चिमा काय कामाची’ हे वाक्यसुद्धा चौकटीत नापास होते, कारण पहिली ‘चि’ ऱ्हस्व आणि शेवटची ‘ची’ दीर्घ. ‘रामाला भाला मारा’ मात्र दोन्हीकडून चोख.

इथून आमच्या मूळ तक्रारीकडे येतो. १९६२ साली राज्य शासनाने मान्य केलेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: नदी, कवी, गुरू. शेवटचे अक्षर दीर्घ असेल तर मराठी शब्दात त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व: दिवा, विळा, सुरी. आता आडव्या ‘नदी’च्या शेवटच्या घरातून उभा ‘दिवा’ काढला, तर घर एकच आणि दोघांना हवी असलेली वेलांटी वेगवेगळी. ‘गुरू’ आणि ‘रुमाल’, ‘कवी’ आणि ‘विहीर’ यांचेही तसेच. ही चूक अपघाताने होत नाही. आडव्याचा शेवट आणि उभ्याचा आरंभ जिथे मिळतो, तिथे नियम स्वतःच अडचण उभी करतो. रचणाऱ्याने तिथे ‘दीप’, ‘रूप’, ‘वीट’ असे शब्द शोधायला हवेत. वेळ लागतो, पण तेवढे कष्ट त्याचेच आहेत. तो ‘चालते’ म्हणून पुढे गेला, की ज्याचे शुद्धलेखन पक्के आहे तोच वाचक बरोबर उत्तर खोडतो आणि ज्याला वेलांटीचे सोयरसुतक नाही त्याचे कोडे पूर्ण होते! बक्षिसाचे कोडे असेल तर हा चक्क अन्याय.

अनुस्वाराचेही तसेच. तुरग-तुरंग, भुजग-भुजंग, विहग-विहंग या जोड्यांत दोन्ही रूपे शुद्ध, अर्थ तोच, घरे तीनच; फरक मधल्या टिंबाचा. तिथे मधल्या घराला उभा छेद दिलाच पाहिजे, नाहीतर सोडवणाऱ्याने कौल कशावर लावायचा? रचणाऱ्याने दर्या आणि दऱ्या यांतला फरकही पाळावा. एक समुद्र आहे, दुसऱ्या डोंगरातल्या.

चौकट ढिली आहे की काटेकोर, हे कळेपर्यंत सोडवणाऱ्यांनी एक युक्ती करावी. वादाच्या घरात नुसते व्यंजन लिहावे, ‘द’ किंवा ‘र’, आणि वेलांटी-उकाराची जागा मोकळी सोडावी. दोन्ही शब्द अर्थाने पक्के झाले की मगच ती भरावी. आणि शब्द आहे की नाही हे पाहायला जुना कोश उघडावा, पण तो कसा लिहायचा हे त्यावरून ठरवू नये. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत शब्दांचे भांडार अफाट आहे, परंतु लेखन त्या काळचे. ‘कवि’ आणि ‘नांव’ आजच्या चौकटीत चालणार नाहीत.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. कोड्याखाली एक ओळ कायम छापावी: ऱ्हस्व-दीर्घ पाळले आहेत की नाहीत. पाळायचे नसतील तर तसे सांगा, आमची हरकत नाही, फक्त नियम दर रविवारी बदलू नये. प्रत्येक सूत्रापुढे कंसात घरांची संख्या द्यावी, आणि उत्तर दोन शब्दांचे असेल तर (४, २) अशी फोड. पुढच्या रविवारी नुसती भरलेली चौकट न देता गूढ सूत्रांची उकल एकेका ओळीत द्यावी. नवा वाचक तयार होतो तो उत्तर वाचून नव्हे, ‘अरे, असे होते होय!’ म्हणून. ई-आवृत्तीत कोडे देणार असाल तर तंत्रज्ञांना एवढेच सांगा की घर म्हणजे युनिकोडचे एक चिन्ह नव्हे. संगणकाच्या लेखी ‘स्वातंत्र्य’ या शब्दात ११ चिन्हे आहेत. घरात एकच चिन्ह घेणारी चौकट ‘त्र्य’ लिहूच देत नाही, आणि सोडवणाऱ्याला वाटते की आपले उत्तर चुकले.

आठवडाभराची कोडी सोपी ठेवायला आमची ना नाही. न्यूयॉर्क टाइम्समध्येही सोमवारचे कोडे हलके असते आणि चढत चढत शनिवारचे सर्वांत कठीण. रविवारचे आकाराने मोठे, २१ बाय २१ घरांचे, पण शनिवारइतके कठीण नसते. आपल्याकडे शनिवारी शाळा-कचेऱ्या पुष्कळांना असतात, तेव्हा आपला कठीण वार रविवारच राहू द्यावा.

कळावे,
शब्दकोडी सोडवणारे आणि रचणारे काही वाचक, डोंबिवली

ता. क. जागा उरली तर हे छापा, उत्तर पुढच्या रविवारी: ‘मांडीवर घ्या, रंगमंचावर पाहा, गणितात मांडा, दिवाळीत वाचा (२)’.