एका अनोळखी स्त्रीच्या लांबच्या बहिणीस

ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव लिहीत नाही, तसं आपलं ठरलंच आहे. पत्र मात्र उघड लिहिते आहे, कारण 'मी काय केलं, नुसती माझ्या डीएनएची एक फाइल तर चढवली,' हे तुमचं फोनवरचं वाक्य मला मान्य नाही.

तुमच्याआधी आमच्याकडे होता फक्त एक ओळख न पटलेला सांगाडा. कमरेच्या हाडांवरून बाई, मांडीच्या हाडावरून अंदाजे उंची, गळ्याच्या हाडाचं छातीकडचं टोक पुरतं जुळलेलं म्हणून वय तिशीच्या आसपास किंवा पुढे. कवटीवरून चेहराही घडवला होता. अशा चेहऱ्यांवर माझा फार भरवसा नाही. ओठांची, कानांची ठेवण हाड सांगत नाही. कोणीही ओळखलं नाही आणि प्रकरण कित्येक वर्षं कपाटात पडून राहिलं.

पुढे आतल्या कानाभोवतीच्या घट्ट हाडातून डीएनए निघाला. पण जुळवायचा कशाशी? पोलिसांच्या साठ्यात तिच्या घरच्यांचा नमुनाच नव्हता. वंशावळीची चाचणी करणाऱ्या काही मोठ्या कंपन्या आपला साठा पोलिसांना तपासू देत नाहीत. राहिलं जेडमॅच हे संकेतस्थळ, जिथे लोक आपल्या डीएनए चाचणीची फाइल स्वतः चढवतात. तिथेही 2019 मध्ये नियम बदलला आणि पोलिसांसाठी प्रत्येकाची वेगळी संमती लागू लागली. अनेकांनी पुन्हा तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तुम्ही परत जाऊन संमती दिलीत.

जुळणी आली ती अगदी पुसट. तुमचे आणि तिचे खापरपणजोबा-खापरपणजी एकच असावेत, इतकंच त्यातून कळत होतं. अशी जोडपी प्रत्येकाची आठ. त्यातलं कोणतं हे ठरवायचं, मग त्यांची मुलं, नातवंडं, पतवंडं शोधत खाली यायचं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडजवळ 1948 साली सापडलेल्या 'सॉमर्टन मॅन'च्या वेळी संशोधकांनी सुमारे 4,000 जणांचा वंशवृक्ष मांडला, तेव्हा 2022 मध्ये ते एका नावापर्यंत पोचले. तिथेही सुरुवात लांबच्या नातलगाच्या जुळणीनेच झाली होती.

आमचं घोडं एका फांदीवर अडलं होतं. कागदोपत्री तिथे वंश खुंटत होता. तुम्ही आजीकडून ऐकलेलं सांगितलंत, की त्या घरातल्या विधवा सुनेने दुसरं लग्न केलं आणि धाकट्या मुलाला सावत्र वडिलांचं आडनाव लागलं. ते आडनाव धरून शोधल्यावर त्याची नात सापडली, जिचा पत्ता घरच्यांनाही लागत नव्हता. तिच्या भावाने लाळेचा नमुना दिला. आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए दोघांचा एकच निघाला, बाकीची जुळणीही सख्ख्या भावंडांची.

'यातून माझ्या नात्यातल्या कोणाच्या मागे पोलीस लागतील का?' असं तुम्ही आधीच विचारलं होतंत. बरं केलंत. सगळ्यांनी विचारावं, आणि आमच्यासारख्यांनी गुळमुळीत उत्तर देऊ नये. तेव्हा सांगितलं तेच आजही सांगते: मृत्यू कसा झाला याचा तपास अजून चालू आहे, आणि तो कुठे जाईल याची हमी मी देऊ शकत नाही.

एक निरोप आहे. तिच्या भावाला तुमच्याशी बोलायचंय. तुमचा नंबर मी दिलेला नाही. चालणार असेल तर कळवा. नको असेल तर तेही सांगा, मी त्यांना समजावेन.

तुमची ऋणी,
वंशवृक्ष जुळवणारी एक स्वयंसेविका